तांबडी आटंना

गाय आटवणं म्हणजे काही न करण्याचं काम, आणि काही न करणं रंगूबाईला जन्मात जमलं नव्हतं. तिच्या हाताला सतत काहीतरी लागायचं. खुरपं, खराटा, नाहीतर कुणाचं तरी डोकं. जळोची गावाच्या कडेला कालव्याच्या पाण्यावर दीड एकर, घरामागं गोठा, गोठ्यात तांबडी जर्सी. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत घर ज्या खांबांवर उभं होतं त्यातला एक खांब ही गाय होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर येऊन पोट चाचपून गेले. "सातवा संपत आला, रंगूबाई. आता धार बंद. पेंड बंद, हिरवं बंद, नुसता कडबा टाका. कास ताठंल, गाय हंबरंल, पण तुमी तिकडं फिरकायचं न्हाय. आठवड्याभरात कास उतरती. मग दोन महिने इसावा मिळाला तर वासरूबी धड नि पुढलं दूधबी धड." असं म्हणून त्यांनी गाईच्या कार्डावर इंग्रजीत एकच शब्द लिहिला आणि फटफटीला किक मारली.

"काय लिवलंय रं?" रंगूबाईनं लेकाला विचारलं. बुद्धघोषची बारावीची परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी इंग्रजीचा पेपर, त्यामुळं डिक्शनरी हातातच होती.

"ड्राय," तो म्हणाला आणि बोट फिरवत वाचायला लागला. "कोरडा, सुका, वाळलेला, आटलेला, भाकड, तहानलेला, रुक्ष. मतमोजणीच्या दिवशी दारूची दुकानं बंद असतात, त्यालाबी ड्राय डेच म्हणत्यात."

"येवढ्या समद्याला एकच शब्द? आपल्यात धुणं वाळतं, हीर आटती, घसा कोरडा पडतो, माणूस सुकतं. समदं एकाच पोत्यात भरलं तर निवडायचं कसं?"

"आजूबाजूच्या बोलण्यावरनं कळतं, आई."

"आन् बोलतच न्हाय कोण, तर?"

बुद्धघोषनं पुस्तक मिटलं आणि आतल्या खोलीकडं बघितलं. तिथं त्याची बहीण ज्योत्स्ना भिंतीला टेकून बसली होती.

ज्योत्स्ना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बारामतीत दवाखान्यात मुलगा झाला, अडीच किलोचा, डोक्यावर भरपूर जावळ असलेला. चौथ्या दिवशी पहाटे तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. ते ना रंगूबाईला कळलं, ना इंदापूरहून धावत आलेल्या जावयाला. जावई रतन तहसील कचेरीत लिपिक, शांत स्वभावाचा पोरगा. तो चार दिवस राहिला आणि रजा संपली म्हणून परत गेला. पुढच्या रविवारी ज्योत्स्नाला न्यायला येतो म्हणाला.

दवाखान्यातून घरी आल्यावर रंगूबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून लेकीची छाती करकचून बांधली. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं. पाजायला लेकरू नसलं की पान्हा बांधून आटवायचा. ज्योत्स्नानं हू की चू केलं नाही. ती रडलीही नाही. भेटायला येणाऱ्या बाया गळा काढायच्या, ही त्यांच्या पायाच्या बोटांकडं बघत बसायची. "डोळ्याला टिपूस न्हाय, हे चांगलं न्हवं," असं म्हणत बाया उठायच्या. रंगूबाईला आतून वाटायचं की पट्टी छातीला बांधली, पण आटलं ते डोळ्यांतलं. अशी लाकडासारखी झालेली लेक जावयाच्या हवाली कशी करायची, या विचारानं ती घरभर येरझाऱ्या घालायची. भांडी एकदा घासलेली पुन्हा घासायची.

त्यात शेजार. मेंदीच्या कुंपणापलीकडं दादासोचं घर. धनगराचं घर, पण मेंढरं बापाच्या काळातच विकली, आता दादासो ट्रक चालवतो आणि पंधरा-पंधरा दिवस बाहेर असतो. घरात त्याची म्हातारी आई बनाबाई आणि बायको म्हाळसा. म्हाळसाला त्याच आठवड्यात मुलगा झालेला. तिला बाळंतपणात ताप आला आणि दूध उतरलंच नाही. दिवसभर कुंपणापलीकडून ते पोर रडायचं, आणि रडणं ऐकलं की ज्योत्स्नाच्या झंपरवर पट्टीतूनसुद्धा ओले डाग यायचे.

"त्या कुंपणाकडं जायाचं न्हाय," रंगूबाईनं लेकीला बजावलं होतं. "त्या पोराला काय झालं तर तुझ्या माथी मारतील. हिचं गेलं, हिनं आमच्याला बघितलं, असं म्हणायला लोक मागंपुढं बघत न्हाईत."

खरं तर रंगूबाईच्या सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच दृष्ट, विटाळ, सावली असल्या सगळ्या गोष्टींना घरातून हाकललं होतं. रंगूबाईचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. तिला भीती होती ती माणसांच्या तोंडाची. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, पण लोकांच्या जिभेला कुंपण नसतं.

इकडं तांबडी आटंना. पहिले दोन दिवस कास ताठली, गाय रात्रंदिवस हंबरली, रंगूबाईनं मन घट्ट केलं. तिसऱ्या दिवसापासून गाय गप्प झाली. रंगूबाईला बरं वाटलं. पण पाचव्या दिवशी कासेला हात लावला तर ती सैल होती, आणि सड मऊ, तेलाचा हात फिरवल्यासारखे. सकाळी भरलेली, संध्याकाळी रिकामी. आटणारी कास अशी वागत नाही. कुणीतरी धार काढत होतं.

रंगूबाईचं डोकं फिरलं. तिनं आधी बुद्धघोषला धरलं. त्यानं विद्येची शपथ घेतली. मग डेअरीच्या गड्यावर संशय, मग कालव्यावरच्या मजुरांवर. गाभण गाईला पिळून कुणी तिच्या पोटातल्या वासराचं तोंडचं काढून नेतंय, या विचारानं तिला घास गिळेना. वर रविवार तोंडावर आलेला. एका बाजूला आटून गेलेली लेक, दुसऱ्या बाजूला आटायला तयार नसलेली गाय, आणि मधे ही, घाण्याच्या बैलासारखी.

शुक्रवारी तिनं दुपारी खुरपं घेतलं, "कांद्यात जाते" म्हणून मोठ्यानं सांगितलं आणि कालव्याच्या पुलापासून मागं फिरली. गोठ्याच्या कुडाआडून बघितलं. तांबडीच्या पोटाला कपाळ टेकून ज्योत्स्ना बसली होती. गुडघ्यांत तांब्या. धारा पडत होत्या त्या सावकाश, आवाज होऊ नये अशा. धार संपल्यावर तिनं गाईच्या कासेवरून दोनदा हात फिरवला, तांब्यावर पदर घातला आणि कुंपणाच्या फटीकडं वळली.

रंगूबाई आडवी आली. "ज्योत्स्ना."

पोरगी थांबली. दचकलीसुद्धा नाही.

"कुणाला नेतीयास?"

"त्याला भूक लागलीया," ज्योत्स्ना म्हणाली. बारा दिवसांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य होतं. रंगूबाईला आनंद व्हायला हवा होता, पण तिला राग आला होता आणि तो ओसरायला तयार नव्हता.

"बाजारात दूध न्हाय व्हय? आपल्या गाभण गाईचंच पायजे?"

"पहाटे समदं डेअरीला जातंय. त्यांची शेळीबी आता भाकड झालीया. म्हाळसा कुंपणावर येऊन रडली, आई. पाच दिवस झालं, थोडं पाणी घालून देतीया मी."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"तू जाऊ दिलं नसतंस."

हे खरं होतं, म्हणून रंगूबाई आणखी चिडली. तिनं तांब्या हिसकावला. काय मनात आलं कुणास ठाऊक, तिनं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं. दूध खारट होतं. आटत आलेल्या गाईचं दूध खारट लागतं, हे जुन्या बायांना माहीत असतं. मोठ्या माणसाला ते बाधत नाही, पण तान्ह्या पोराच्या पोटात टिकत नाही. हे लेकीला शिकवायचं राहून गेलं होतं. शिकवायची वेळच कधी आली नव्हती, कारण रंगूबाईनं आजवर गाय वेळेवर आटवली होती.

"पोराला जुलाब होत्यात का गं?"

"परवापासनं. लई होत्यात. आज तर रडतबी न्हाय धड." आणि मग आईच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "माझ्यामुळं?"

रंगूबाईला त्या एका शब्दाची भीती बारा दिवस वाटत होती. आता तो लेकीच्याच तोंडून आला. गप्प बसावं, तांब्या ओतून टाकावा, रविवारी हिला इंदापूरच्या गाडीत बसवून द्यावं, असं तिच्या मनात आलं. का येऊ नये, ज्योत्स्ना तिचं लेकरू होतं. पण कुंपणापलीकडून पोराचा आवाज येत नव्हता. रोज नकोसा वाटणारा तो आवाज नाही म्हटल्यावर तिला उभं राहवेना. तिनं तांब्या घेतला, दुसऱ्या हातानं लेकीचं मनगट धरलं आणि फटीतून पलीकडं गेली.

बनाबाई ओसरीवर नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. पोराचे ओठ सुकले होते, टाळू खोल गेली होती. रंगूबाईनं एका दमात सगळं सांगून टाकलं. गाय आटवायला काढलेली, दूध खारट, पोरीला ठाऊक नव्हतं, चूक आमची. म्हाळसा दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. बनाबाईनं तांब्यातलं दूध जिभेला लावलं आणि अंगणात थुंकली. रंगूबाई शिव्यांची वाट बघत उभी होती.

"तुझ्या लेकीला अजून पान्हा हाय?" बनाबाईनं विचारलं.

"हाय. बांधलाय."

"सोड."

"बनाबाई, तुमाला चालंल? आमच्या घरचं..."

"डेअरीच्या कॅनात समद्या घरांचं दूध रोज एकच व्हतंय. तवा कोण इचारतंय? दवाखान्यात जायचंच हाय, पर तवर पोटात काय तरी गेलं पायजे. सोड म्हनते ना."

रंगूबाईची हाक ऐकून आलेला बुद्धघोष सायकलवरून रिक्षा आणायला पळाला. ओसरीवर चटई टाकली. रंगूबाईनं लेकीच्या पाठीमागच्या गाठी सोडल्या. गाठी इतक्या घट्ट होत्या की शेवटची दातानं सोडावी लागली, आणि पट्टीखाली कातडीवर उमटलेले लाल वळ बघून तिला स्वतःचीच लाज वाटली.

"थांब जरा," बनाबाई म्हणाली. "मेंढरातली रीत सांगते. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर बांधत्यात. मेंढी हुंगती, आपलंच समजती, नि पाजती. नायतर लाथ मारती. तुझ्या बाळाचं दुपटं ऱ्हायलं असंल तर आन, पोरी. ह्याला गुंडाळू. तुलाबी सोपं जाईल."

ज्योत्स्ना उठली, घरी गेली आणि परत आली. हातात पिवळं दुपटं होतं, न धुतलेलं. दवाखान्यातून ते कधी आणलं, कुठं ठेवलं, रंगूबाईला काहीच माहीत नव्हतं. ज्योत्स्नानं ते नाकाशी धरलं, नीट घडी केली आणि स्वतःच्या पोटाशी खोचलं.

"ह्यात नगं," ती म्हणाली. "हे त्याचं हाय. ह्याला ह्याच्याच कापडात द्या. ह्यो कोण हाय ते म्हायती हाय मला."

बनाबाईनं पोर तिच्या हातात दिलं. आधी त्याला धरायचं बळच नव्हतं. ज्योत्स्नानं चार थेंब त्याच्या ओठांवर सोडले, पुन्हा सोडले, गालाला बोट लावलं. मग त्यानं तोंड उघडलं आणि धरलं. तो गिळतोय हे त्याच्या गळ्याकडं बघून सगळ्यांना दिसत होतं.

"नाव काय ह्याचं?" ज्योत्स्नानं खाली बघतच विचारलं.

"बारसं न्हाय झालं अजून. पर मानसिंग म्हनायचं ठरलंय," म्हाळसा म्हणाली.

"मानसिंग," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मान वर करून आईकडं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "आपल्या बाळाला नावच न्हाय ठेवलं गं."

आणि ती रडायला लागली, पोराला न हलवता, आवाज न काढता. रंगूबाई तिच्या पाठीशी टेकून बसली.