बोट कुठे दिसतंय?

मी माईक बोलतोय. कॉलरला अडकवायचा, करंगळीच्या पेराएवढा. आजवर दुसऱ्यांचंच ऐकत आलो, आज जरा माझं ऐका.

माझी मालकीण दूरदेशी शिकून परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, आत्या शिकवेल, आपण रेकॉर्ड करू, तिच्या शिवणखोलीतल्या मुली बघून शिकतील. झालं! प्रत्यक्षात सापडलं ते वेगळंच. एक धापा टाकणारा कॉम्प्युटर आणि घसा बसलेली आत्या. सोमवारी तिच्या घशाचं ऑपरेशन होतं. नंतर आवाज कसा राहील, डॉक्टरही सांगेनात. आणि कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने कसे बेतायचे, हे त्या खोलीत एकट्या तिलाच येत होतं.

"पडद्यावरचं चित्र आणि तुझा आवाज एकत्र टिपणारं सर्वोत्तम सॉफ्टवेअर शोधते," मालकीण म्हणाली. "ज्ञान सगळ्यांपर्यंत पोचलंच पाहिजे, आत्या!"

"पोचू दे की. पण सोमवारच्या आत."

मग परीक्षा सुरू झाल्या. पहिल्या सॉफ्टवेअरने पडद्याच्या मधोमध स्वतःचं नाव असं छापलं की ब्लाउजचा गळाच गायब. दुसऱ्याने मला ओळखच दाखवली नाही. मालकिणीचं सगळं "हॅलो, हॅलो" मुकं निघालं. तिसऱ्यात विमानात नसतील एवढी बटणं. ती त्याच्याच प्रेमात पडली! सगळी तपासणी मात्र तिने स्वतःच बोलून केली. आत्याला एकदाही समोर बसवलं नाही.

शनिवारी आत्या बसली. मी तिच्या मफलरला. "हे बघा पोरींनो, इथून असं यायचं, इथे थोडं ढिलं सोडायचं, आणि मग हे असं!" काय रंगली होती!

रेकॉर्डिंग लावून बघितलं, तर आवाज स्पष्ट आणि पडद्यावरचा नमुना ढिम्म. आत्या माउस सोडून काचेवर बोट फिरवत होती.

"अगं आत्या, बोट दिसत नाही यात! माउस हलव ना."

"हात माउसवर ठेवला की माझं तोंड बंद पडतं."

"मग दुसरं सॉफ्टवेअर शोधते."

"शोध हो. जमल्यास दुसरी आत्याही शोध." बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. मालकिणीने कॉम्प्युटर बंद केला. माझ्यासारख्या माईकला अशी शांतता ऐकवत नाही.

रविवारी सकाळी मालकिणीने बटणांचा तो बाजार उठवला. साधंसुधं सॉफ्टवेअर निवडलं: 'सुरू' आणि 'बंद', बस्स. मग खुर्ची ओढून आत्याला चिकटून बसली आणि माउस स्वतःच्या हातात घेतला.

"तू बोट फिरव. तुझ्या बोटामागे माझा बाण."

"आणि मध्येच मी ओरडले तर?"

"राहू दे. तुझ्या ओरडण्याशिवाय ढिलं सोडणं कुणाला जमलंय?"

आत्या हसली, खोकली. मला मफलरवर जरा वर सरकवलं.

मंडळी, एवढीच विनंती आहे. सॉफ्टवेअर खुशाल निवडा, पण आधी बोलणाऱ्याचे हात बघा. आता मला गप्प बसू द्या. आत्या सुरू करतेय.