मुलचेऱ्यातल्या टॉर्क पान्याचं ऐका

मी टॉर्क पाना बोलतोय. मुलचेऱ्याच्या बसस्टँडमागे एका गॅरेजात राहतो. बोल्ट किती जोराने आवळायचा तो आकडा माझ्या मुठीवर लावा; तेवढा जोर झाला की मी 'टक्' करतो. मला एवढंच बोलता येतं, आणि तेवढंही ऐकायला माणसं तयार नसतात!

मला नागपूरहून आणलं दिव्यानीने. डिप्लोमा झालेली, जिभेला धार असलेली पोरगी. तिच्या बाबांनी, पत्रू मिस्त्रींनी, मला उचलून पाहिलं आणि परत डब्यात टाकलं. "माह्या हातात तीस वर्साचा अंदाज हाय. हा मले काय शिकवन?"

पत्रूंची एक रीत होती. शगुनाला सव्वा रुपया, देवाला सव्वा किलो पेढे, तसा बोल्टलाही पूर्ण आवळल्यावर वरून पाव फेरा. तोही पान्याला लोखंडी पाइप अडकवून. या लाडापायी गावातल्या शेतकरी आशाबाईंच्या ट्रॅक्टरचं हेड गास्केट, म्हणजे इंजिन आणि त्याच्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधला पातळ थर, दोनदा फुटलं होतं.

तिसऱ्यांदा ट्रॅक्टर आला तेव्हा आशाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "उद्या धानाच्या रोवण्याच्या बाया येऊन राह्यल्या. ट्रॅक्टरनं बांधीत चिखल झाला नाई तं त्या दुसऱ्याच्या बांधीत जातीन. आता फुटलं तं ट्रॅक्टर तुमच्याकडे आणणार नाई, पत्रूभाऊ."

दिव्यानीने मला डब्यातून काढलं. काय सांगू माझा आनंद! आधी मधला बोल्ट, मग आलटून पालटून बाहेरचे. एक फेरी हलकी, दुसरी मध्यम, तिसरी पुऱ्या आकड्याची. टक्, टक्, टक्. शेवटी तिने प्रत्येक बोल्टवर आणि त्याच्या शेजारी हेडवर अशी एकच सरळ पांढरी रेघ ओढली आणि ती जेवायला गेली.

पत्रू पाइप घेऊन आले.

मी बाजूला पडून सगळं पाहत होतो. ओरडणार कसा? पाचवा बोल्ट ताणला गेला, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

दिव्यानीने परत येऊन बोल्ट फिरल्याने तुटक झालेल्या रेघा पाहिल्या. "बाबा, सव्वा दिला?"

"थोडासा."

"देवाले द्या ना सव्वा! इंजिन काय उपाशी हाय?"

तिने हेड पुन्हा उतरवलं. दबलेलं गास्केट फेकलं. पिशवीतून दुसरं काढलं, नवे बोल्टही काढले.

"दोन-दोन काऊन आणले वं?"

"एक इंजिनासाठी, एक तुमच्यासाठी."

आशाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.  मग दिव्यानीने मलाच त्यांच्या हातात दिलं. "आता तुमीच आवळा."

टक्. त्यांचे दंड अजून ओढायला शिवशिवत होते.

"अजून फिरते ना वं!"

"फिरते. म्हणूनच थांबा."

ते थांबले. खरंच थांबले! प्रत्येक बोल्टवर, तिन्ही फेऱ्यांत.

ट्रॅक्टर सुरू झाला. तासभर चालवला, तरी रेडिएटरच्या पाण्यात एक बुडबुडा नाही, म्हणजे गास्केट शाबूत. आशाबाई स्वतः स्टीअरिंगवर चढल्या. "पत्रूभाऊ, पोरगी शिकवली तं कामात आली!"

"मीच तं शिकवलं तिले," पत्रू म्हणाले, आणि दिव्यानीने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी रोवणा झाला. आता माझी जागा डब्यात नाही, पत्रूंच्या हाताशी. मित्रांनो, माझी एकच विनंती आहे: काम झालं की माझा आकडा खाली उतरवून ठेवा. पोटातली स्प्रिंग दबलेली राहिली की झोप येत नाही. दिव्यानी घाईत हे विसरते. पत्रू विसरत नाहीत. शटर ओढण्याआधी लेक बाहेर गाडी काढते, तेवढ्यात ते गुपचूप मला सैल करतात.