निम्मी घरपट्टी

चांगदेवनं पिशवीतले कागद एकेक करून ग्रामसेवकाच्या टेबलावर मांडले. मुलीचं, ललिताचं अपंगाचं कार्ड, निराधारच्या पगाराचं बँकबुक, गेल्या वर्षीची घरपट्टीची पावती. रेशनकार्ड तेवढं पिशवीत राहिलं.

"कागद ठीक हायत, मामा," ग्रामसेवक म्हणाला. "अपंगाला पट्टी निम्मी. पण घर तिच्या नावावर पायजे. इथं तुमचं नाव हाय."

"मग घाला तिचं, भाऊसाहेब."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. "निम्म्या पट्टीपायी घर देताय? वाचंल त्यात महिन्याचं तेल न्हाई येत."

"पट्टी निम्मी व्हती नव्हं? मग झालं."

"आन् तुमचा विनोद? बाँडवर त्याची सही लागंल. उद्या माझ्या दारात भावाबहिणीचं भांडण नको."

चांगदेवनं कागद पुन्हा पिशवीत भरले. पट्टीचं कारण त्यानं भावकीतही सांगून ठेवलं होतं. खरं कारण घरी शिलाई मशीनवर बसलं होतं. ललिताचे दोन्ही पाय लहानपणीच गेलेले. आपल्यामागं तिला कुणी या घरातून ऊठ म्हणू नये, एवढंच त्याला हवं होतं. पण विनोद शिक्रापूरला दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं भरत होता. त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

सहा वर्षांपूर्वी साखरबाईनं हाच विषय काढला होता. "पोराचं घर पोरीला देतीस व्हय?" म्हणून चांगदेव ताटावरून उठला होता आणि दोन दिवस बायकोशी बोलला नव्हता. तिनं पुन्हा नाव काढलं नाही. आता तिला जाऊन सात महिने झाले होते. ललिताला आंघोळीचं पाणी काढून देताना, वेणीसाठी आरसा खाली धरताना, साखरबाई काय म्हणत होती ते त्याला रोज थोडं थोडं कळत होतं.

गुरुवारी कंपनीला सुट्टी म्हणून विनोद आणि त्याची बायको गौतमी गावी आले. चहा झाला तरी चांगदेव रिकामा कप हातात फिरवत बसला.

"आबा, काय म्हणायचंय ते म्हणा की," गौतमी म्हणाली. "कानच तुटंल त्या कपाचा."

"घरपट्टीचं व्हतं. ललिताच्या नावावर घर केलं, तर निम्मी बसती म्हणं…"

विनोदनं बायकोकडं पाहिलं. मग उठून बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगलेली पिशवी त्यानं काढली. रेशनकार्डाच्या कव्हरात दोन बोटं घालून घडी केलेला बाँड बाहेर ओढला. घर ललिताच्या नावावर करायला हरकत नाही, असं त्यावर टाईप केलेलं होतं. खाली विनोदची सही, तिच्याखाली गौतमीची. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

"आईनं घेतल्यात सह्या," विनोद म्हणाला.

"आन् मला कुणी बोललं न्हाई?"

"आबांनी आपणहून विषय काढल्याबिगर कागद काढू नको म्हणाली. पोरगं आडवं यायचं न्हाई, बापच यील, म्हणाली."

मशीन थांबलं. ललितानं दातानं दोरा तोडला.

"म्हंजी घरमालकीण मी? मग आबा, भाडं कवापासनं देताय?"

"रोज बादली कोण भरतंय तुझी? त्यात फेडून घे," चांगदेव म्हणाला, आणि सगळ्यांबरोबर तोही हसला.

बाँडच्या तळाशी एका सहीची जागा रिकामी होती. तिथं पेन्सिलीनं बारीक फुली मारलेली होती. बँकेचा कागद असो की दवाखान्याचा, चांगदेवनं सही कुठं करायची तिथं साखरबाई अशीच फुली मारून द्यायची.

विनोदनं पेन पुढं केलं. चांगदेवनं बाँड पाटावर ठेवून हातानं सरळ केला, चष्मा लावला आणि सावकाश सही केली. फुलीवर शाई येऊ दिली नाही.