वरचा नट

ओहायोच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने डॅडच्या गाडीची पुढची स्प्रिंग गंजून मोडली, आणि ती बदलायला त्यांनी जोलीनला हाताखाली बोलावलं. जोलीन आली खरी, पण तिला मागायची होती गाडीची किल्ली. ऐंशी उलटलेले डॅड हल्ली घरचा रस्ता चुकत होते.

"तोंड स्प्रिंगसमोर आणू नकोस," ते म्हणाले. "दाबलेली स्प्रिंग सुटली, तर नाक शेजारणीच्या अंगणात शोधावं लागेल."

"लहानपणापासून ऐकतेय, डॅड."

स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरसकट निघाली. ती आधी दाबून धरायचे दोन शिकंजे दुकानातून वापरायला आणले होते, ते तसेच बाजूला पडलेले. डॅडनी पाना घेतला आणि स्प्रिंग दाबून अडकवून ठेवणाऱ्या वरच्या नटालाच सरळ लावला.

जोलीनने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"काय गं?"

तिने नुसतं शिकंज्यांकडे पाहिलं. मग त्यांनीही पाहिलं, आणि ते हळूच उलट्या बादलीवर बसले.

"हेच मी सगळ्यांना ओरडून सांगायचो," ते म्हणाले.

शिकंजे तिने लावले, दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले. डॅड फक्त "सावकाश" म्हणत राहिले. नवी स्प्रिंग बसली, चाक चढलं, गाडी जमिनीवर सरळ उभी राहिली.

डॅडनी खिशातली किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली.

"चक्कर तू मार. मी शेजारी बसून चुका काढतो. नंतर परत देऊ नकोस."

जोलीनने नको न म्हणता किल्ली मुठीत घेतली.

"तरीच काल फोनवर एवढी गोड बोलत होतीस," डॅड म्हणाले, आणि दुसऱ्या बाजूचं दार उघडून बसले.