दाराचा रकाना

सहादेवनं घंटा दिली, पाचवीच्या वर्गाचं दार ओढलं, खटकन कडी सरकवली आणि तो स्टुलावर टेकतोय न टेकतोय तोच आत संस्कृती किंचाळली.

"झालं सुरू," तो पुटपुटला.

शाळा उघडल्यापासून रोजचं हेच. पोरगी दोन्ही कान दाबून, भिंतीला पाठ लावून ओरडायची, की तासाचा पार विचका. पोरगी शिंगणापूरची, दहा वर्षांची, स्वमग्न. म्हणजे डोकं चांगलं चालतं, पण आपण सहज सोसतो ते तिला झेपत नाही, असं मोनिका मॅडमनं सहादेवला समजावलं होतं. मॅडम नगरच्या कॉलेजातून आलेल्या. अशा पोरांना शाळेत काय आधार दिला म्हणजे ती शिकतात, याचं संशोधन करायच्या. मागच्या बाकावर बसायच्या आणि किंचाळी कधी आली, किती मिनिटं टिकली, सगळं फॉर्मात भरायच्या.

पहिल्याच दिवशी लोटलेलं दार ढकलून पोरगी वर्गातून सुटली ती थेट रस्त्यावर, टेम्पोसमोर. तेव्हापासून हेडसरांचा हुकूम होता, आत घ्यायची आणि कडी लावायची.

आज हेडसर व्हरांड्यात मॅडमना म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू. न्हाई बसली तर नगरच्या निवासी शाळंत धाडू. पत्र टाईप करून ठेवलंय मी."

सहादेवनं ऐकलं. सातवी नापास माणूस, सत्तावीस वर्षं शाळेत शिपाई. पत्र काय असतं ते त्याला कळत होतं. दहा वर्षांची पोर आईला सोडून राहणार होती.

त्याच दिवशी, गुरुवारी, शिंगणापुरात शनीच्या दर्शनाला अमावस्येची गर्दी. पोरीच्या आईला, जयाला, दुकान सोडून न्यायला येता येईना. सहादेवनं संस्कृतीला गाडीवर बसवलं आणि शिंगणापूरला नेलं.

जयाचं दुकान घरापुढंच. तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा. भोंगा चाललेला, भाविकांची रेटारेटी. संस्कृती सरळ उंबऱ्यावर जाऊन बसली आणि बाटल्या ओळीनं मांडायला लागली. चेहरा कसा निवलेला.

"एवढा कालवा हाय, आन् ही गप?" सहादेव म्हणाला.

"घरी न्हाई वरडत, मामा," जया चहा देत म्हणाली. "फकस्त माज्या नणंदंकडं सोनईला गेलं, आन् दार लावलं, की जीव काढती. म्हणून आमी मुक्कामच करत न्हाई."

सहादेवची बशी तोंडाजवळच थांबली. पोरगी बसली होती त्या उंबऱ्यावर चौकट होती, दार नव्हतं. राखण शनिदेवाची, म्हणून गावात कुणाच्याच घराला नव्हतं. सहादेवनं जन्मापासून बघितलेली गोष्ट, त्यात बघण्यासारखं काय?

"हे मला आदी का न्हाई सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?"

परत येताना गाडीच्या हँडलवर सहादेवला स्वतःचा, कडी सरकवणारा उजवा हात दिसत होता. घरापर्यंत दुसरं काही दिसलंच नाही.

शुक्रवारी त्यानं मॅडमना फाटकातच गाठलं. "तुमच्या फॉर्मात दाराचा रकाना हाय का?"

"दाराचा? नाही."

"मग किंचाळी कवा कवा येती?"

मॅडमनं कागद चाळले. "अकरा. अकरा चाळीस. बारा वीस. मी पुढं विषय लिहिलेत. गणित, इंग्रजी..."

"ते विषय न्हाईत, मॅडम. ती माझी कडी हाय."

मॅडमनं पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सतरा दिवस मी त्याच खोलीत बसलेय, मामा."

"मी बी दारातच हुतो की."

"एक दिवस उघडं, एक दिवस बंद, असं ताडून बघावं लागेल. संशोधनात तसंच करतात."

"बंद करून बघायला ती काय बल्ब हाय व्हय? बंदचं सतरा दिवस बघून झालंय तुमचं."

मॅडम हसल्या. "ते मात्र खरं."

दारच काढायचं म्हटल्यावर हेडसर चटकन ऐकणारे नव्हतेच. "पोरगी पळाली तर? शेळ्या शिरल्या तर?"

"पोरगी पळाली तर मी हाय. शेळ्या शिरल्या तर बसू द्या, पट वाढंल."

हेडसर हसू दाबून कपाटाकडं वळले. तोवर सहादेवनं पेचकस काढलाच. बिजागऱ्या खोलल्या, दार पाठीवर घेतलं आणि कडुनिंबाखाली नेऊन टेकवलं.

घंटा झाली. संस्कृती चौकटीत थांबली. बिजागरीच्या भोकांवरनं बोट फिरवलं. आत गेली, बाहेर आली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. सहादेव फाटकाशी हात पसरून उभा. तिसऱ्यांदा ती आत गेली आणि पहिल्या बाकावर बसली.

बसली ती बसलीच. मॅडम घड्याळ बघत राहिल्या. दहा मिनिटं. वीस. पुरी चाळीस. तास संपला तेव्हा वहीत अख्खा फळा उतरवलेला होता, कोपऱ्यातल्या 'हजर ३१' सकट.

शनिवारी हेडसरांनी टाईप केलेलं पत्र कपाटातून काढलं आणि मॅडमपुढं सरकवलं. "मागची बाजू कोरी हाय. तुमाला कागद लागतात ना?"

मॅडमनं त्यावर पट्टीनं नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'दार'.

दार आता विटांवर आडवं टाकलंय, पोरं त्याच्यावर खिचडी खातात. सहादेवची मात्र सवय जात नाही. घंटा दिली की त्याचा उजवा हात कडीकडं जातो आणि मोकळ्या हवेत थांबतो. त्या हाताखालून वाकून संस्कृती वर्गात जाते.