दुर्गाची दोन वर्षं

नळ खाकरला आणि दुपारची शांतता मोडली. मुंबईतल्या आमच्या नवघरला पाणी आलं. हंडा लावून मी कोल्हापूरच्या विद्यापीठाचा दाखला पुन्हा मांडीवर घेतला. बी.ए.ची दोन वर्षं तिथे झाली, तिसरं मुंबईत करायचं होतं. पण दाखल्यावर माझं माहेरचं नाव, दुर्गा. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीने ‘संध्या’ लिहिलं, तेच मी इथल्या अर्जात भरलं.

“दुर्गाची वर्षं संध्याला कशी देऊ, बाई?” इथला क्लार्क हसला होता. “दोघी एकच, असा कागद आणा. नाहीतर पहिल्यापासून सुरू करा.”

डोळे मिटले. रंकाळ्याकाठून पुस्तकं छातीशी धरून ती चालली होती.

“दुर्गा,” मी हलकेच म्हणून पाहिलं.

शेजारी झोपलेली सोनू जागी झाली. “दुर्गा कोण गं, आई?”

“मीच. लग्नाआधीची.”

“मग ती आता कुठे गेली?”