माझे दोर कुणी चिकटवले?

मित्रांनो, मी तीन डोलकाठ्यांची एक जुनी युद्धनौका आहे. लांबी हातभर, आणि पाणी म्हणाल तर फरशी पुसताना दिसतं तेवढंच पाहिलेलं. आज माझ्या अंगाची आग होते आहे, म्हणून बोलते.

माझा जन्म शिवणाच्या दुकानातला. शिंपीणबाई मशीन चालवायची आणि तिचा नवरा शेजारी बसून जुन्या आरमारी लढायांच्या कादंबऱ्या वाचून दाखवायचा. एकदा कादंबरीत समोरून वारा असताना कप्तानाने जहाज वळवलं. बाईने मशीन थांबवून विचारलं, आधी कोणतं शीड सोडलं? नवऱ्याला सांगता येईना. मग त्याने लाकूड तासलं, तिने अस्तराच्या तुकड्यांची शिडं शिवली आणि मी उभी राहिले. तेव्हापासून पुस्तकातला प्रत्येक हुकूम माझ्यावर पाळला गेला. टेबलफॅन हा आमचा वारा. वादळात शिडं का आवळायची, खालच्या तोफांच्या खिडक्या का मिटायच्या, हे ती दोघं माझ्याकडूनच शिकली. कप्तान चुकला की बाई म्हणायची, "तुमच्या ह्या शहाण्याच्या हाती मी सुईसुद्धा देणार नाही."

मग बाईला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. बोटांना रोज काम द्या, नाहीतर ती कायमची आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं. तिला लगेच माझे दोर आठवले.

आणि तिच्या मुलाने काय करावं? आई दवाखान्यातून यायच्या आत मला कारागिराकडे नेलं, शिडादोरांना चकचकीत व्हार्निश चढवलं आणि काचेच्या पेटीत बसवलं. प्रेमाने हो! ह्या प्रेमाचाच मला संताप येतो.

बाई घरी आली. नवऱ्याने कादंबरीतलं अर्धवट राहिलेलं वादळ उघडलं. तिने पेटी उघडायला लावली, कशीबशी बोटं पुढे केली, दोर धरला. तो काडीसारखा ताठ. हलेचना.

"आई, आता धूळसुद्धा बसणार नाही बघ," मुलगा म्हणाला.

"आणि माझ्या हाताला रे? त्यालाही व्हार्निश लावतोस?"

तिने त्यालाच कात्री आणायला लावली, एकेक दोर कापायला लावला, नवे ओवायलाही त्यालाच बसवलं.

मित्रांनो, देवाने हात दिले ते जोडायला आणि राबायला. हातांतच जे जगतं, त्याला जपण्याच्या नावाखाली कोंडू नका. माझा राग अजून निवलेला नाही.

नवा दोर बाईच्या बोटांतून निसटला. मोठं शीड धपकन खाली आलं.

"बुडालो की गं," नवरा म्हणाला.

"बुडू द्या. तो हुकूम परत वाचा."